एकाच गाठीच्या चार नोंदवह्या

हिंगणा टी-पॉइंटवरून एमआयडीसीच्या दिशेनं निघालं की रस्त्याच्या कडेला पानठेले लागतात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला खर्रा विदर्भातल्या शिक्षकांना वेगळा सांगायला नको. मोठ्या वर्गातल्या मुलांच्या खिशात तो सापडल्याचा अनुभवही अनेकांना असेल. खर्ऱ्याची चिमूट गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत बराच वेळ धरून ठेवली जाते. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात नेमका याच खाचेत होतो. पाश्चात्त्य देशांत तो जिभेवर आणि जिभेखालच्या भागात अधिक दिसतो.

कारण माहीत आहे, तेव्हा उपाय उघड आहे: खर्रा बंद. त्यासाठी संगणक लागत नाही आणि आम्हा संशोधकांचीही गरज नाही. पण ज्याला गाठ झालेली आहे त्याचा प्रश्न वेगळा असतो. सारख्याच आकाराची, सारख्याच जागी झालेली गाठ घेऊन दोन रुग्ण येतात. दोघांवर सारखीच शस्त्रक्रिया होते. एक जण पुढं कित्येक वर्षं ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याची गाठ वर्षभरात परत येते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी जवळपास सारख्या दिसल्या होत्या. मग फरक होता कुठे?

हा फरक पेशींच्या आतल्या नोंदींमध्ये शोधावा लागतो. अशा नोंदी आता एक नाही, चार-चार प्रकारच्या मिळू लागल्या आहेत. त्या एकत्र वाचण्याच्या कामाला मल्टि-ओमिक्स म्हणतात. या लेखात आपण त्या नोंदींपेक्षा त्यांच्या हिशेबाबद्दल जास्त बोलणार आहोत. कारण आमच्या मते या विषयातली खरी अडचण प्रयोगशाळेत कमी आणि हिशेबात जास्त आहे.

चार वह्या कोणत्या?

पेशीतला डीएनए म्हणजे अभ्यासक्रमाची मूळ पुस्तिका समजा. माणसात ती सुमारे ३०० कोटी अक्षरांची असते आणि अक्षरं फक्त चार: ए, टी, जी, सी. प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारी जनुकं त्यात सुमारे वीस हजार आहेत, पण प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर एकूण अक्षरांच्या एक-दोन टक्केच भरतो. त्या भागाला एक्झोम म्हणतात.

पुस्तिकेतलं सगळं रोज शिकवलं जात नाही. काही पानांवर 'हा भाग वगळला आहे' अशी खूण असते. डीएनएवर अशा खुणा मेथिल गटांच्या रूपानं चिकटतात. ही दुसरी वही. आज जे शिकवायचं त्याचं टाचण काढावं लागतं. पेशी जनुकावरून आरएनएच्या प्रती काढते ते हे टाचण. ही तिसरी वही. आणि वर्गात प्रत्यक्ष जे घडलं ती चौथी वही, म्हणजे पेशीत खरोखर तयार झालेली प्रथिनं.

टाचण आणि प्रत्यक्ष शिकवणं यांचा मेळ किती असतो हे शिक्षकांना आम्ही काय सांगावं! पेशींचंही तसंच आहे. एखाद्या जनुकाच्या आरएनएच्या प्रती भरपूर दिसतात, पण प्रथिन मात्र बेताचंच असतं. कधी उलटंही होतं. म्हणून फक्त टाचणाची वही तपासून निष्कर्ष काढणं धोक्याचं ठरतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या संशोधनगटानं डोकं व मान या भागातल्या १०८ गाठींचे डीएनए, आरएनए आणि प्रथिनं एकत्र तपासून त्या गाठींचे तीन उपप्रकार पाडले, ते याच कारणासाठी.

पन्नास रुग्ण आणि एक लांब वाट

आपल्या देशातलं उदाहरण याआधीचं आहे. जगभरातल्या कर्करोगांच्या डीएनएचा अभ्यास वाटून घेण्यासाठी २००८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्यात भारतानं आपल्या वाट्याला घेतला तो गाल-हिरडीचा कर्करोग. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा स्मारक केंद्राचं अॅक्ट्रेक, या दोन संस्थांनी पार्थ मजुमदार आणि राजीव सरीन यांच्या नेतृत्वाखाली हे काम केलं. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पन्नास रुग्णांच्या गाठींचं आणि त्यांच्याच रक्ताचं एक्झोम वाचलं होतं आणि आणखी साठ रुग्णांत त्याची पडताळणी केली होती.

त्यात काय सापडलं? टीपी-५३, फॅट-१, कॅस्प-८, एचरास, नॉच-१ ही जनुकं डोकं-मानेच्या इतर कर्करोगांप्रमाणे इथेही बिघडलेली होती. पण यूएसपी-९-एक्स, एआरआयडी-२ यांसारखी काही जनुकं या कर्करोगातच ठळकपणे पुढं आली. शिवाय रुग्णांचे गट पडले. उदाहरणार्थ, एका गटात मुख्यतः कॅस्प-८ बिघडलेलं होतं, काहींमध्ये त्याच्या जोडीला फॅट-१. यांतल्या काही गटांतल्या रुग्णांचा रोगमुक्त काळ इतरांहून लक्षणीय लांब होता.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. उद्या डॉक्टर या गटावरून ठरवू लागले की अमक्याला किरणोपचार जोरात द्यायचे आणि तमक्याला बेताचे, तर रुग्ण कुठल्या गटात पडतो यावर त्याचं आयुष्य अवलंबून राहील. आणि गट ठरतो हिशेबावरून.

तो हिशेब कसा होतो? यंत्र डीएनए अथपासून इतिपर्यंत सलग वाचत नाही. शंभरेक अक्षरांचे कोट्यवधी तुकडे ते वाचून देतं. प्रत्येक तुकडा मूळ पुस्तिकेच्या कुठल्या जागेचा आहे हे संगणकानं जुळवायचं. मग गाठीतलं आणि रक्तातलं अक्षर एकमेकांशी ताडून पाहायचं. रक्तातही असलेला फरक जन्मजात. फक्त गाठीत असलेला फरक नंतर झालेला बिघाड. त्यातून यंत्राच्या वाचनचुका वगळायच्या, मग उरलेल्यांतले महत्त्वाचे कोणते ते ठरवायचं. कच्च्या तुकड्यांपासून जनुकांच्या यादीपर्यंत अशा दहा-पंधरा पायऱ्या सहज होतात. प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं: एखादा फरक किती तुकड्यांत दिसला म्हणजे खरा मानायचा, पाच की दहा? पाचऐवजी दहा म्हटलं की यादी बदलते.

साधा पत्त्याचा प्रश्न घ्या. ज्या मूळ पुस्तिकेशी तुकडे जुळवायचे तिच्या आवृत्त्या निघतात. २००९ सालची सदतिसावी आवृत्ती बरीच वर्षं चालली. डिसेंबर २०१३ मध्ये अडतिसावी आली. टीपी-५३ या जनुकात कर्करोगात वारंवार बिघडणारी एक जागा आहे, ज्यामुळे प्रथिनातलं १७५ वं अमिनो आम्ल आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन होतं. जुन्या आवृत्तीत या जागेचा पत्ता सतराव्या गुणसूत्रावर ७५,७८,४०६ असा आहे आणि नव्या आवृत्तीत ७६,७५,०८८. जागा तीच, आकडा वेगळा. गावात जमिनीचं एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तसंच हे. शेत जिथल्या तिथे असतं, पण एकाच्या हातात जुना उतारा आणि दुसऱ्याच्या हातात नवा असला की दोघे वेगवेगळ्या बांधांवर जाऊन उभे राहतात. म्हणून 'आम्ही मानवी जीनोमशी जुळवलं' एवढं लिहून भागत नाही, कुठल्या आवृत्तीशी ते लिहावंच लागतं.

दुसरी अडचण आपल्याकडे जास्त जाणवते. रुग्णाचं रक्त उपलब्ध नसेल तर जन्मजात फरक वगळायचे कसे? मग लोकांत सर्रास आढळणाऱ्या फरकांच्या तयार याद्या वापरतात. या याद्या बराच काळ प्रामुख्यानं परदेशी लोकांच्या होत्या. आपल्या लोकांत नेहमी आढळणारा, निरुपद्रवी जन्मजात फरक त्या यादीत नसला की तो कर्करोगाचा बिघाड म्हणून मोजला जाई. अॅक्ट्रेकमधल्या अमित दत्त यांच्या गटानं २०१६ मध्ये ६२ भारतीय कर्करुग्णांच्या निरोगी नमुन्यांवरून एक लाख चौदा हजारांहून अधिक जन्मजात फरकांची यादी करून सर्वांना खुली केली, ती यासाठी. जानेवारी २०२५ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पाची सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती संशोधकांना उपलब्ध झाली. याचा एक परिणाम लक्षात घ्या. तोच नमुना २०१५ मध्ये तपासला आणि आज तपासला तर 'बिघाडांची' यादी वेगळी येईल, आणि दोन्ही वेळा कुणी काहीच चुकलेलं नसेल. कोणती यादी, कोणत्या तारखेची, हे लिहिलेलं असेल तरच या दोन उत्तरांचा अर्थ लागतो.

वह्या एकमेकींना जोडताना

इथपर्यंत एकाच वहीची गोष्ट झाली. आता चारही वह्या जोडायच्या. वर्गशिक्षकांनी जूनमध्ये जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि मागच्या वर्षीचा गुणतक्ता शेजारी ठेवून माहिती भरलेली असते. त्यांना पुढचं चटकन कळेल.

पहिला घोटाळा नावांचा. वर्गात दोन 'राहुल मेश्राम' असतात, आणि एकच मुलगी एका वहीत माहेरच्या आडनावाच्या आईच्या नावानं तर दुसरीत वडिलांच्या नावानं असते. जनुकांचं असंच आहे. २०१३ च्या त्या भारतीय निबंधात एमएलएल-४ हे नाव येतं. वैज्ञानिक साहित्यात हे नाव दोन वेगवेगळ्या जनुकांसाठी वापरलं गेलेलं आहे: एक बाराव्या गुणसूत्रावरचं, दुसरं एकोणिसाव्यावरचं. पुढे त्यांना केएमटी-२-डी आणि केएमटी-२-बी अशी वेगळी नावं रूढ झाली. नुसत्या नावावर विसंबून दोन अभ्यासांची माहिती जोडली तर बाराव्यावरच्या जनुकाचे बिघाड एकोणिसाव्यावरच्या जनुकाच्या खात्यावर पडू शकतात. म्हणून आम्ही जोडणी नावावर करत नाही. प्रत्येक जनुकाला कायमचा क्रमांक दिलेला असतो, तो वापरतो.

दुसरा घोटाळा तर गमतीदार आहे. सेप्ट-२, मार्च-१, डेक-१ अशी काही जनुकांची इंग्रजी नावं होती. यातलं शेवटचं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संदर्भातलं. एक्सेलच्या तक्त्यात ही नावं टाकली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी: २ सप्टेंबर, १ मार्च, १ डिसेंबर! २००४ मध्येच कुणीतरी हे लक्षात आणून दिलं होतं. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात ही चूक निघाली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. २०२३ मध्ये एक्सेलमध्येही ही आपोआप होणारी बदलाबदल बंद करण्याची सोय आली. यंत्र बदलेपर्यंत विज्ञानानं आपली नावं बदलावीत, यावर आमच्यातले काही जण अजून नाराज आहेत.

तिसरा घोटाळा नमुन्यांच्या अदलाबदलीचा, आणि हा सगळ्यांत वाईट, कारण तो दिसत नाही. गाठीचा एक तुकडा डीएनएसाठी जातो, दुसरा आरएनएसाठी, तिसरा प्रथिनांसाठी. प्रयोगशाळा वेगळ्या, नळ्या वेगळ्या, चिठ्ठ्या वेगळ्या. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आधी प्रसिद्ध झालेले पाच अभ्यास तपासले, ज्यांत त्याच माणसांचे डीएनए आणि आरएनए दोन्ही होते. पाचपैकी चारांत काही नमुने दुसऱ्याच माणसाचे निघाले. सरासरीनं शेकडा तीन, आणि एका अभ्यासात शेकडा तेवीस. हे पकडण्याची युक्ती सोपी आहे. आरएनए ही डीएनएचीच प्रत, तेव्हा माणसामाणसांतले जन्मजात अक्षरफरक तिच्यातही उतरतात. दोन्ही वह्यांत ते जुळतात का, एवढं पाहायचं. आम्ही ही पायरी जोडणीच्या आधी ठेवतो आणि ती पार झाल्याशिवाय पुढची पायरी चालतच नाही अशी व्यवस्था करतो.

चौथा प्रश्न शून्य आणि गैरहजर यांचा. पाच मुलांपैकी चौघांना ४०, ५०, ६० आणि ५० गुण आहेत, पाचवा गैरहजर. सरासरी किती? चौघांची धरली तर ५०. गैरहजराला शून्य धरलं तर ४०. प्रथिनं मोजणाऱ्या वस्तुमान-वर्णपटमापकात काही प्रथिनं इतकी थोडी असतात की यंत्राला सापडतच नाहीत, आणि तक्त्यात तिथे रिकामी जागा राहते. त्या जागी शून्य घालायचं, एखादा लहान आकडा घालायचा, की इतर रुग्णांवरून अंदाज बांधायचा? तिन्ही पद्धती वापरात आहेत, तिन्हींना कारणं आहेत, आणि तिन्हींनी रुग्णांचे गट थोडे वेगळे पडू शकतात. निबंधात मात्र पुष्कळदा एकच वाक्य असतं: 'अनुपलब्ध मूल्यं भरून घेतली.' कशी, ते नाही.

पाचवी गोष्ट परीक्षकाची. अ तुकडीचे पेपर कडक परीक्षकानं तपासले आणि ब तुकडीचे सढळ हाताच्या परीक्षकानं, तर ब तुकडी हुशार ठरते. समजा नागपूरचे सगळे नमुने यंत्रावर सोमवारी चढवले आणि मुंबईचे शुक्रवारी, तर 'नागपूर-मुंबई' फरक म्हणून जो दिसेल तो कदाचित सोमवार-शुक्रवार फरक असेल. नंतर कितीही गणित केलं तरी ही गाठ सुटत नाही. नमुने आधीच मिसळून चढवावे लागतात.

या सगळ्याच्या वर एक मूलभूत अडचण बसलेली आहे. रुग्ण शंभर आणि प्रत्येकाबद्दलचे आकडे वीस-वीस हजार, तेही चार वह्यांत. एवढ्या रकान्यांत शोधत राहिलं तर योगायोगानंही कुठला ना कुठला रकाना रोगमुक्त काळाशी छान जुळतो. म्हणून काही रुग्णांची माहिती सुरुवातीलाच बाजूला कुलपात ठेवायची, आणि नियम पक्का झाल्यावरच त्यांच्यावर एकदा तपासायची. वाटेत तिच्याकडे डोकावलं की तिचा उपयोग संपला.

एक ओळ घसरली तेव्हा

हिशेबातल्या चुकीनं प्रत्यक्ष काय होऊ शकतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं आहे. २००६ मध्ये तिथल्या गटानं जाहीर केलं की गाठीतल्या जनुकांची सक्रियता पाहून कुठल्या रुग्णाला कुठलं कर्करोगाचं औषध लागू पडेल ते सांगता येतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांना ही पद्धत वापरायची होती. त्यांनी आपल्याकडचे संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्ज यांना ती समजावून द्यायला सांगितलं. या दोघांनी प्रसिद्ध झालेले आकडे घेऊन हिशेब पुन्हा मांडायचा प्रयत्न केला. उत्तर जुळेना. पायऱ्या लिहिलेल्या नव्हत्या, तेव्हा उत्तरावरून मागे जात त्यांनी अंदाजानं वाट शोधून काढली. त्यात दिसलं की जनुकांच्या याद्या एका ओळीनं खाली घसरल्या होत्या: आकडे एका जनुकाचे, नाव शेजारच्याचं. काही औषधांच्या बाबतीत तर 'लागू पडतं' आणि 'लागू पडत नाही' या चिठ्ठ्याच उलट लागल्या होत्या.

दरम्यान २००७ पासून याच पद्धतीनं औषध ठरवून प्रत्यक्ष रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. बॅगर्ली आणि कूम्ब्ज यांचा निबंध २००९ मध्ये आला. चाचण्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१० मध्ये कायमच्या बंद झाल्या. २०११ मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयानं या संशोधनात माहितीची खोटी मांडणीही झाली होती असा निष्कर्ष काढला. पण खोटेपणा बाजूला ठेवला तरी एक ओळ घसरणं ही अगदी साधी चूक आहे. निकालपत्रक करताना नावांचा रकाना वर्णानुक्रमे लावला आणि गुणांचा लावायचा राहिला, तर हेच होतं. शाळेत दुसऱ्याच दिवशी एखादा पालक येऊन उभा राहतो. इथे असा पालक सापडायला तीन वर्षं लागली, कारण हिशेबाच्या पायऱ्या कुणाला दाखवलेल्याच नव्हत्या.

पाइपलाइन म्हणजे काय?

वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या माणसानं एकेक करून, माऊसनं टिचक्या मारत केल्या तर नंतर त्या कुणालाच सांगता येत नाहीत. पाइपलाइन म्हणजे या पायऱ्या संगणकाला वाचता येतील अशा लिहून ठेवणं: ही धारिका घे, त्यावर हे कर, त्यातून ती धारिका बनव, मग पुढचं. कच्ची माहिती एका टोकाला, निष्कर्षाचा तक्ता दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये माणसाचा हात नाही.

कल्पना जुनी आहे. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' नावाची आज्ञावली याच तत्त्वावर केली. कुठली वस्तू कशावरून बनते एवढं तिला सांगायचं. काही बदललं की तेवढ्याच पुढच्या पायऱ्या ती पुन्हा करते. आज जीवशास्त्रात २०१२ साली आलेलं स्नेकमेक आणि २०१३ साली आलेलं नेक्स्टफ्लो जास्त चालतं. लिहिलेल्या पायऱ्यांत कुणी, कधी, काय बदललं याची नोंद 'गिट' ठेवतं. कोऱ्या कागदावर खाडाखोड न करता प्रत्येक दुरुस्तीची तारीख-वार प्रत जपावी, तसं.

पण पायऱ्या जशाच्या तशा लिहिल्या तरी भागत नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. नेक्स्टफ्लोच्या कर्त्यांनी २०१७ मध्ये काळा आजाराच्या वर्गातल्या लिश्मानिया परजीवीच्या डीएनएवर जनुकं शोधण्याचा एकच हिशेब दोन वेगळ्या संगणकप्रणालींवर चालवून पाहिला. जनुकांची संख्या थोडी वेगळी आली! आज्ञावली तीच होती, पण तिच्या पोटातले लहान लहान भाग दोन्हीकडे थोडे वेगळे होते. यावर तोडगा म्हणजे आज्ञावली आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघते. तिला लागणारं सगळं, ठरावीक आवृत्त्यांसह, एका डब्यात बंद करतात. २०१३ पासून डॉकर या नावानं हे डबे प्रसिद्ध आहेत. तोच डबा हिंगण्यात उघडा की कल्याणीत, आत तेच मिळतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. रुग्णांचे गट पाडणाऱ्या अनेक पद्धती सुरुवातीला यादृच्छिक अंक घेतात, फासे टाकल्यासारखे. त्यामुळे तोच हिशेब दोनदा केला तरी गट थोडे इकडेतिकडे होतात. संगणकाचे फासे मात्र एका मूळ अंकावरून ठरतात. तो अंक लिहून ठेवला की तेच फासे पुन्हा पडतात. (अर्थात वेगळे अंक टाकून गट टिकतात का हेही पाहावं. एकाच अंकाला गट दिसत असतील तर त्यांत काही दम नाही.) दुसरी गोष्ट, माहिती वाटेत बदलली नाही ना, याची खात्री. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो. लिहिताना एखादा अंक चुकला तर लगेच कळतं. धारिकांसाठीही असाच एक तपासअंक काढतात. आमच्याकडे कच्च्या माहितीला कुलूप असतं. ती वाचता येते, बदलता येत नाही, आणि पाइपलाइन सुरू होताना सर्वांत आधी तिचा तपासअंक पाहिला जातो.

एवढं करून निष्कर्ष बरोबर ठरतो का? नाही. गैरहजरांना शून्य धरणारी पाइपलाइन हजार वेळा चालवली तरी हजार वेळा तेच चुकीचं उत्तर देईल. फरक इतकाच की शून्य धरलं आहे हे दुसऱ्याला ओळ दाखवून सांगता येतं, आणि ती एक ओळ बदलून पाहता येते. बॅगर्ली आणि कूम्ब्ज यांना हे एका दुपारी जमलं असतं.

माहितीच उरली नाही तर मात्र पाइपलाइन निरुपयोगी. आंतरराष्ट्रीय संघाचं मूळ संकेतस्थळ, जिथे भारतीय गाल-हिरडी प्रकल्पाची माहिती मिळत असे, २०२४ मध्ये बंद झालं आणि माहिती दुसरीकडे न्यावी लागली. कल्याणीच्या संस्थेनं शंभर भारतीय रुग्णांच्या एक्झोमवर आणि पाच जणांच्या संपूर्ण जीनोमवर आधारलेला तोंडाच्या कर्करोगाचा एक माहितीसाठा खुला केलेला आहे. त्यावर कुणालाही शोध घेता येतो. रुग्णांची मूळ अक्षरं मात्र कुणालाही सरसकट देता येत नाहीत, कारण डीएनएवरून माणूस ओळखता येतो. पायऱ्या पूर्ण उघड्या आणि माहिती परवानगीनं, अशी ही विभागणी असते. ती थोडी अडचणीची आहे, पण रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या मुलांना हे समजावून द्यायला कर्करोगाची माहिती लागत नाही. मागच्या वर्षीच्या एखाद्या महिन्याच्या हजेरीपटाची प्रत घ्या. मुलांची नावं झाकून फक्त क्रमांक ठेवा. जुलै बरा, कारण त्यात प्रवेशही चालू असतात आणि पावसाच्या सुट्ट्याही. वर्गाचे दोन गट करा, दोघांना तीच प्रत द्या आणि एकच प्रश्न विचारा: या महिन्यात वर्गाची सरासरी हजेरी शेकडा किती? गटांनी एकमेकांशी बोलायचं नाही. उत्तर पूर्णांकात नको, दोन दशांश स्थळांपर्यंत हवं.

उत्तरं बहुधा वेगळी येतील. महिन्याच्या मध्यात आलेल्या मुलाचे आधीचे दिवस गैरहजेरीचे की मोजायचेच नाहीत? नाव काढून गेलेल्याचं काय? अर्ध्या दिवसाची शाळा हा एक दिवस की अर्धा? आधी प्रत्येक मुलाची टक्केवारी काढून तिची सरासरी घ्यायची, की सगळ्या हजेऱ्यांची बेरीज करून एकदाच भागायचं? (मुलांचे दिवस सारखे नसतील तर या दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, का ते मुलांनाच शोधू द्या.) प्रत्येक गटानं आपण काय ठरवलं ते पायरीपायरीनं कागदावर लिहावं.

मग तिसरा गट बोलवा. त्याला हजेरीपट आणि पहिल्या गटाचा तो कागद द्या, उत्तर देऊ नका, आणि पहिल्या गटाला काही विचारायलाही मनाई करा. तिसऱ्या गटाचं उत्तर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळलं नाही तर पहिल्या गटानं आपल्या कागदातली राहून गेलेली पायरी शोधायची. बहुतेक वेळा ती पायरी अशी निघते, जी लिहायची गरजच त्यांना वाटली नव्हती.